आमच्या पोरींच्या प्रेमाचा हिशेब कोण ठेवतो?



"प्रेमाबिमावर बोलायला चळवळीकडे वेळ कुठाय?" असं आमचे एक जुने कार्यकर्ते परवा म्हणाले. शिष्यवृत्त्या अडकल्यात, गायरानाचा प्रश्न तसाच पडलाय, अॅट्रॉसिटीच्या केसेसमध्ये साक्षीदार फुटतात. हे सगळं खरं आहे. पण ज्या बाबासाहेबांचं नाव घेऊन आपण ही कामं करतो, त्यांनी जातीवरचा आपला पहिला मोठा निबंध कशावर लिहिला? ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी भीमरावांनी सांगितलं की जातीचा गाभा जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नात आहे. कोण कुणाशी लग्न करणार यावर पहारा बसला की जात तयार झाली. आणि हा पहारा बाईवर बसवावा लागतो. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह, ही सगळी त्या पहाऱ्याची हत्यारं. पुढे १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त जातीवरचा खरा उपाय म्हणून त्यांनी आंतरजातीय विवाहाकडेच बोट दाखवलं. तेव्हा प्रेम हा चळवळीने फावल्या वेळात घ्यायचा विषय नाही, एवढं आधी मान्य करू आणि पुढे जाऊ.

आम्ही मुदखेडला राहतो. समाजशास्त्रात एम.ए. केलं, बायकांच्या बचत गटांत आणि विहारातल्या अभ्यासिकेत काम करतो. मुदखेड म्हणजे रेल्वेचं जंक्शन आणि फुलांचा तालुका. गुलाब, मोगरा, काकडा, गलांडा. दिवस उगवायच्या आत आपल्या वस्तीतल्या बाया आणि पोरी फुलं तोडायला मळ्यात जातात. फेब्रुवारीत गुलाबाला भाव चढतो तेव्हा हजेरीला जास्त माणसं लागतात, हे वेगळं सांगायला नको. जगाच्या प्रेमासाठी लागणारी फुलं आपल्या पोरी तोडतात. त्यांच्या वाट्याला प्रेमातलं काय येतं, ते आम्ही गेली काही वर्षं जवळून पाहतोय.

आधी एक गोष्ट. प्रेम आणि जात म्हटलं की आपल्यासमोर कोण उभं राहतं? खर्ड्याचा नितीन आगे. २८ एप्रिल २०१४ ला शाळकरी वयाच्या त्या पोराला मारलं, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात सगळे आरोपी निर्दोष सुटले. त्याच्या आधी २०१३ च्या जानेवारीत सोनईत मेहतर समाजाचे तीन तरुण मारले गेले. आणि अगदी आपल्या दारात, २०२५ च्या नोव्हेंबरात नांदेड शहरात सक्षम ताटेचा खून झाला. आरोप प्रेयसीच्या घरच्यांवरच आहे, आणि त्या मुलीने त्याच्या मृतदेहाशी लग्न लावलं. ती दृश्यं साऱ्या देशाने पाहिली. आपण मोर्चे काढले, निवेदनं दिली. ही नावं आपल्याला पाठ आहेत आणि पाठच असली पाहिजेत.

पण या तिन्ही ठिकाणी मुलगा आपला होता आणि मुलगी वरच्या जातीतली. आता बाजू बदलून बघा. मुलगी आपली, मुलगा मराठ्याचा, लिंगायताचा, मारवाड्याचा किंवा ब्राह्मणाचा. तिथे सहसा खून होत नाही. मग काय होतं? बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की काहीच होत नाही. दोन वर्षं, चार वर्षं सगळं गुपचूप चालतं. मग मुलाचं लग्न त्याच्या जातीत ठरतं, मंगल कार्यालयात बँड वाजतो, आणि आपली पोरगी दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉलेजला नाहीतर मळ्यात जाते. एफआयआर नाही, मोर्चा नाही, बातमी नाही. जी मरत नाही ती आपल्या मोजणीत येत नाही.

यामागे शास्त्र आहे, आणि ते शास्त्र जुनं आहे. मनुस्मृतीने लग्नाच्या दोन दिशा सांगितल्या. वरच्या वर्णाचा पुरुष आणि खालच्या वर्णाची स्त्री हा अनुलोम. खालच्या वर्णाचा पुरुष आणि वरच्या वर्णाची स्त्री हा प्रतिलोम. अनुलोमाकडे कमीपणाने पाहिलं तरी चालवून घेतलं, प्रतिलोम मात्र महापाप ठरवलं आणि त्यातून झालेल्या लेकरांना थेट चांडाळात ढकललं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला तो ग्रंथ जळाला. पण दिशेचा हा नियम गावोगाव अजून पाळला जातोय. आपला पोरगा 'त्यांच्या' मुलीवर प्रेम करतो तेव्हा तो प्रतिलोम, म्हणून कुऱ्हाड. आपली पोरगी 'त्यांच्या' मुलावर प्रेम करते तेव्हा तो अनुलोम, म्हणून डोळेझाक. मुलाच्या बापाला माहीत असतं. तो म्हणतो, वय आहे, करू दे मजा, लग्न आपण लावू तिथेच करील. आमच्या एका बचत गटातल्या बाईने ही गोष्ट एका वाक्यात सांगितली होती: "त्याहीचं पोरगं बिघडत न्हाई ताई, आपलीच पोरगी बिघडती."

आता आमचं सांगतो, कारण फक्त दुसऱ्यांच्या गोष्टी सांगत बसणं बरं नाही. नांदेडला शिकत असताना आमच्या वर्गात एक मुलगा होता. शेतकरी मराठा घरातला, वाचणारा, फुले-शाहू-आंबेडकरांवर भाषणं ठोकणारा. आमचं आडनाव असं की ते मराठ्यांतही असतं आणि आपल्यातही. पहिले तीन महिने त्याने काही विचारलं नाही. मग एकदा नोट्स घ्यायला खोलीवर आला आणि भिंतीवरचे बुद्ध आणि बाबासाहेब पाहिले. काही बोलला नाही. दोन दिवसांनी म्हणाला, "तू त्यांच्यातली वाटतच नाहीस." त्याने ते कौतुक म्हणून सांगितलं, आणि खरं लिहायचं तर त्या वयात ऐकतानाही ते कौतुकासारखंच वाटलं होतं. मित्रांनो, या वाक्यात काय आहे बघा. 'त्यांच्यातल्या' बाया कशा असतात याचं एक चित्र त्याच्या डोक्यात पक्कं आहे: काळ्या, अंगावर येणाऱ्या, मोठ्याने बोलणाऱ्या, अस्वच्छ. त्या चित्रातून आम्हाला एकटीला सूट मिळाली. आमची आई, मावशी, गावाकडच्या साऱ्या बाया त्या चित्रातच राहिल्या. प्रेम हवं असेल तर आपल्याच आईपासून वेगळं दिसायचं, अशी ती अट होती.

चार वर्षं गेली. त्याच्या घरी आम्ही कधी गेलो नाही. त्याच्या मित्रांत आम्ही 'वर्गमैत्रीण' होतो. शेवटी तो म्हणाला, आई विषाचं बोलायलीय, बहिणीचं लग्न व्हायचंय, तू समजून घे. तू समजदार आहेस. 'समजदार' हा शब्द आम्ही तेव्हापासून फार मुलींच्या तोंडून ऐकला आहे. त्या सगळ्यांना सोडून जाणाऱ्यांनी समजदारच म्हटलेलं असतं. तो आता चांगल्या नोकरीत आहे, सामाजिक समतेवर अजून बोलतो. त्याच्याबद्दल राग उरला नाही. पण त्या चार वर्षांनी एक सवय लावली, जी अजून जात नाही. कुणी चांगलं वागलं की आधी पुरावा शोधायचा. हा चांगला वागतोय तो माणूस म्हणून, की फुकट मिळतंय म्हणून? सवर्ण मुलीला प्रेमात पडताना आई-बापाची भीती असते, घराण्याच्या अब्रूची असते. आपली अब्रू राखण्याजोगी आहे हे तरी समोरच्याला मान्य आहे ना, ही शंका तिला घेऊन बसावी लागत नाही.

हे आपल्याकडेच आहे का? नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये आपल्या पोरांनी ब्लॅक पँथर वाचून दलित पँथर उभी केली. म्हणजे काळ्या माणसाशी आपलं नातं जुनं आहे. पण त्या नात्यातून आपण पुरुषाचा संताप जेवढा आणला, तेवढं बाईचं दुःख आणलं नाही.

काळ्या बाईबाबत तिथे काय झालं? १६६२ मध्ये व्हर्जिनियाच्या वसाहतीत कायदा झाला की लेकराची अवस्था आईवरून ठरेल. आई गुलाम तर लेकरू गुलाम, मग बाप गोरा मालक का असेना. हा कायदा नीट समजून घ्या. गोऱ्या मालकाला काळ्या बाईकडे जायला मोकळीक, जबाबदारी शून्य, आणि वर त्या संबंधातून त्याची मालमत्ता वाढणार. गुलामांच्या आपसातल्या लग्नालाही कायद्याची मान्यता नव्हती, नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे विकता यायची. हे पचावं म्हणून एक गोष्ट रचली गेली, की काळी बाई मुळातच चवचाल असते, तिला शील नसतं. पॅट्रिशिया हिल कॉलिन्स या काळ्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या आपल्या पुस्तकात अशा प्रतिमांची छाननी केली: एक चवचाल, एक दुसऱ्याची लेकरं सांभाळणारी प्रेमळ दाई, एक तोंडाळ कजाग. तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. यातली एकही बायको करून घरात आणायची नसते.

आता आपल्याकडे या. पेशवाईतल्या कुणबिणी आणि बटकी आठवा. खंडोबाला वाहिलेल्या मुरळ्या आठवा. लावणी-तमाशात कोणत्या जातींच्या बाया नाचल्या आणि समोर दौलतजादा उधळायला कोण बसलं, ते आठवा. शर्मिला रेगे यांनी लावणी कलावंतांवर लिहिताना हेच दाखवलं की खालच्या जातीच्या बाईचं शरीर 'उपलब्ध' ठरवण्यात या परंपरेचा वाटा किती मोठा आहे. गावच्या पाटलाने 'ठेवलेली' बाई कोणत्या वस्तीतली असायची हे मराठवाड्यात कुणाला शिकवायची गरज नाही. मळ्यात फुलं तोडायला गेलेल्या पोरीला मालकाचा पोरगा मोबाइल रिचार्ज करून देतो आणि त्याला प्रेम म्हणतो, तेव्हा त्याच्या मागे ही सगळी परंपरा उभी असते. त्याला ती माहीत नसेल. त्याच्या हाताला मात्र ती माहीत असते.

एक फरक मात्र सांगितला पाहिजे. अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावर कायद्याने बंदी होती. मिल्ड्रेड आणि रिचर्ड लव्हिंग या जोडप्याने १९५८ मध्ये लग्न केलं, त्याबद्दल शिक्षा झाली, राज्य सोडावं लागलं, आणि १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उठवली. ती बाई काळी होती, नवरा गोरा होता. म्हणजे असा गोरा पुरुषही निघाला, ज्याला लपूनछपून राहता आलं असतं पण लग्नच करायचं होतं. आपल्याकडे विशेष विवाह कायदा १९५४ पासून आहे. आंतरजातीय जोडप्याला सरकार पन्नास हजार रुपये देतं. बंदी कुठेच नाही. तरी २०११-१२ च्या देशव्यापी मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपासच निघालं. जिथे आईच्या विषाच्या बाटलीवर काम भागतं तिथे कायद्याची बंदी लागतेच कशाला?

आणि कायद्याकडे गेलं तर? महाराष्ट्रातलंच एक प्रकरण आहे, ऑगस्ट २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ती अनुसूचित जातीची, विक्रीकर खात्यात अधिकारी. तो केंद्रीय राखीव पोलीस दलात अधिकारी. ओळख १९९८ पासूनची, लग्नाचं वचन, अनेक वर्षांचे संबंध. मग त्याने जातीची अडचण काढली आणि दुसरीशी लग्न केलं. न्यायालयाने म्हटलं की वचन सुरुवातीपासून खोटं होतं असं दिसत नाही, आणि जातीची अडचण कळल्यानंतरही तिने संबंध ठेवले होते. त्याने जातीवरून पाठवलेले मेसेज लोकांसमोरचे नव्हते, त्यामुळे त्या वेळच्या अॅट्रॉसिटी कायद्यातही गुन्हा बसत नाही. एफआयआर रद्द झाली. कायद्याच्या चौकटीत या निकालाचं समर्थन करता येईल, आणि मोडलेलं प्रत्येक वचन बलात्कार ठरू नये हे आम्हालाही पटतं. पण जात म्हणून नाकारलं, हे त्या माणसानेच सांगितलेलं असताना त्या नाकारण्याला कायद्यात नावच नाही. हॉटेलात जात विचारून कप वेगळा दिला तर तो गुन्हा. चार वर्षं सोबत राहून जात म्हणून सोडलं तर ती 'खासगी बाब'. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ६९ आलं आहे, लग्नाचा इरादा नसताना वचन देऊन संबंध ठेवले तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. पण इरादा नव्हता हे सिद्ध करायचं ओझं पुन्हा पोरीवरच. आणि इरादा तर असतोच हो. आईने जात विचारेपर्यंत प्रत्येकाचा इरादा असतो.

इथपर्यंत वाचून आपल्यातल्या पुरुषांना बरं वाटलं असेल, कारण दोष सगळा सवर्णांचा निघाला. थोडं थांबा.

आपल्या शिकलेल्या, नोकरी लागलेल्या मुलांचं काय? वधू-वर परिचय मेळाव्यात आम्ही दरवर्षी टेबलावर बसतो, बायोडाटा जमा करतो. मुलगा बौद्ध, घरात बाबासाहेबांचा फोटो, अपेक्षा: गोरी, सडपातळ, उच्चशिक्षित. त्यात 'गोरी' पहिली. त्या फेअर अँड लव्हलीने २०२० मध्ये लाजेकाजे आपलं नाव बदललं, आपल्या बायोडाटातला रकाना अजून बदलला नाही. आणि मुलगा क्लास वन झाला, की त्याला वरच्या जातीची बायको मिळणं ही समाजात क्रांती ठरते, लोक कौतुकाने सांगतात. बाबासाहेबांनी नाही का केलं, म्हणतात. १९४८ साली डॉ. शारदा कबीर आणि बाबासाहेबांनी केलेलं लग्न काय होतं आणि आपण त्याचा वापर कशासाठी करतो, यावर कधीतरी स्वतंत्र लिहू. इथे एवढंच विचारतो: त्याच क्लास वन मुलाच्या बहिणीने तेच केलं तर तिला आपण काय म्हणतो? पोरगी हातची गेली, म्हणतो. आणि तिला सोडून दिलं की म्हणतो, आम्ही सांगितलंच होतं.

अमेरिकेतही हेच दिसतं. प्यू संशोधन केंद्राच्या आकड्यांनुसार २०१५ मध्ये नवीन लग्न झालेल्या काळ्या पुरुषांपैकी २४ टक्क्यांनी वंशाबाहेर लग्न केलं, काळ्या बायकांपैकी १२ टक्क्यांनी. निम्मे. काळी बाई गोऱ्याला बायको म्हणून नको, आणि शिकलेल्या काळ्या पुरुषालाही अनेकदा नकोच. मधल्या जागेत ती उभी.

चळवळीला हे कधी दिसलंच नाही असं मात्र नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिवराम जानबा कांबळे 'सोमवंशीय मित्र' काढायचे. मुरळी प्रथेविरुद्ध त्यांनी रान उठवलं, आणि नुसतं उठवलं नाही, तर मुरळ्यांना बायको म्हणून स्वीकारायला आपल्याच समाजातल्या पुरुषांना सांगितलं. शंभर वर्षांपूर्वी! २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं की लग्नाची घाई करू नका, आणि नवऱ्याची दासी न होता त्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभ्या राहा. म्हणजे आपल्या पूर्वजांना हा प्रश्न कळला होता. मध्येच कुठेतरी आपण तो टाकून दिला.

कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' १९८१ चं. संस्कृत शिकलेली सोमकुवर नावाची महार मुलगी, पात्रता असून नोकरी मिळत नाही. कुणबी-मराठा असलेल्या मोतीराम पावड्यांशी लग्न होतं, आडनाव बदलतं, आणि नोकरी मिळते. प्रेमाने, लग्नाने, समतेच्या विचाराने जुळलेलं घर, तरी बाईंनी लिहिताना त्या नोकरीचं श्रेय स्वतःकडे घेतलं नाही, आडनावाला दिलं. हे पुस्तक आमच्या अभ्यासिकेत आहे. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांपेक्षा कमी हात त्याला लागतात. २०२३ मध्ये 'मेड इन हेवन'मध्ये राधिका आपटे बौद्ध पद्धतीने लग्न करते तो भाग मात्र पोरींनी एकमेकींच्या मोबाइलवर फिरवला. पडद्यावर पांढऱ्या साडीतली नवरी, समोर बाबासाहेब, आणि ती लपवत नाही. एक पोरगी तो भाग बघून रडली. पण नंतर म्हणाली, "ताई, ती प्रोफेसर हाय, अमेरिकेत शिकलेली. तिला परवडतंय."

रविवारी दुपारी विहारात आम्ही मोठ्या मुलींना बोलावतो. पाळीच्या आरोग्यापासून सुरू झालेली बैठक हल्ली याच विषयावर येऊन थांबते. प्रेम करू नका असं आम्ही सांगत नाही. सांगितलं तर कोण ऐकणार, आणि आपल्यावर पहारा बसवणाऱ्यांच्या रांगेत आम्ही का उभं राहायचं? आम्ही काही प्रश्न देतो. तो तुला त्याच्या घरी घेऊन गेलाय का? त्याच्या बहिणीचा नंबर तुझ्याकडे आहे का? त्याच्या मित्रांना तुझं पूर्ण नाव माहीत आहे का? १४ एप्रिलला मिरवणुकीत तू असतेस तेव्हा तो रस्त्यात तुला ओळख देतो का? मागच्या बैठकीत एक मुलगी बराच वेळ गप्प होती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शेवटी म्हणाली, त्याच्या बहिणीच्या हळदीला त्याने बोलावलंय, सगळ्यांशी ओळख करून देणार आहे. बाकीच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. मग ती खाली बघत म्हणाली, "फकस्त आडनाव सांगू नको म्हणलाय."

हळद पुढच्या शुक्रवारी आहे. जायचं की नाही ते तिने अजून ठरवलेलं नाही.